दोन एंजिनांचें विमान

उपनगरांत राहणाऱ्या कुटुंबाला विमानाचा आवाज नवा नाहीं. अंधेरी, कुर्ला, घाटकोपर या भागांत तो भिंतीवरच्या घड्याळाच्या टिकटिकीसारखा अंगवळणीं पडलेला असतो. कानावर येतो, पण ऐकूं येत नाहीं. ता. २८ जून २०१८, गुरुवार, या दिवशीं दुपारीं सव्वा वाजण्याच्या सुमारास घाटकोपर पश्चिमेच्या जागृतिनगरांत मात्र तो आवाज डोक्यावरून पुढें निघून गेला नाहीं. पावसाळी हवा होती. बीचक्राफ्ट किंग एअर सी-९० या जातीचें एक लहानसें, दोन एंजिनांचें विमान जीवदया गल्लींतील एका अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या आवारांत कोसळलें आणि पेटलें. आंत चार माणसें होतीं : दोन वैमानिक, एक एंजिनियर आणि एक तंत्रज्ञ. तीं चारहि गेलीं. रस्त्यानें चाललेला एक पादचारीहि गेला. बांधकामावरचे मजूर जेवणाच्या सुट्टीमुळें कामावरून हलले होते, म्हणून मृतांची संख्या पांचावर थांबली.

हें विमान पूर्वीं उत्तर प्रदेश सरकारच्या मालकीचें होतें. पुढें तें एका खासगी कंपनीला विकलें गेलें. दुरुस्तीनंतर तें कसें चालतें हें पाहण्यासाठीं त्या दुपारीं जुहूच्या विमानतळावरून तें उडालें होतें. म्हणजे हें उड्डाण कोठें पोंचण्यासाठीं नव्हतें, यंत्राची परीक्षा घेण्यासाठीं होतें. बातमी पसरतांच ज्याच्या त्याच्या तोंडीं दोनच वाक्यें होतीं. एक, 'एंजिन बंद पडलें असेल.' दुसरें, 'पण त्याला तर दोन एंजिनें होतीं ना !' सामान्य माणसाची विमानाविषयींची सारी समजूत या दोन वाक्यांत सांठवलेली आहे. ती कोठपर्यंत खरी आणि कोठें फसवी, हें नीट उमगलें तर आकाशांतल्या यंत्राचें मर्म कळतें, आणि खालच्या वस्तीवर कोणती जबाबदारी येते तेंहि कळतें.

प्रथम दुसऱ्या वाक्याचा विचार करूं. दोन एंजिनें म्हणजे दुप्पट सुरक्षितता, हा हिशेब वरवर बिनचूक वाटतो. परंतु एका घराचें उदाहरण घ्या. दोन मिळवते भाऊ एकत्र राहतात. दोघांचे मिळून महिना शंभर रुपये घरांत येतात. घरखर्च चाळीस रुपये. साठ रुपये शिल्लक पडतात. आतां एका भावाची नोकरी गेली. मिळकत निम्म्यावर आली, पण शिल्लक निम्म्यावर आली काय ? नाहीं. पन्नासांतून चाळीस वजा जातां दहाच उरले. शिल्लक साठांवरून एकदम दहांवर घसरली. त्यांत घरीं बसलेला भाऊ आजारी असला तर त्याच्या औषधपाण्याला तेहि दहा पुरत नाहींत.

विमानाचें गणित नेमकें असेंच आहे. विमानाला समपातळीवर नुसतें उडत राहण्यासाठीं कांहीं शक्ति खर्चावी लागते. तो त्याचा घरखर्च. वर चढण्याचें काम शिल्लक शक्तीवर होतें. एक एंजिन बंद पडलें कीं शक्ति निम्मी होते, पण चढण्याचें सामर्थ्य निम्मे होत नाहीं. हलक्या विमानांत तें एक पंचमांश, कधीं त्याहूनहि कमी उरतें. आणि आजारी भावाची जागा येथें बंद एंजिनाचा पंखा घेतो. तो वाऱ्याला अडवून विमानाला मागें ओढतो व उरलीसुरली शिल्लकहि खाऊन टाकतो. मोठ्या प्रवासी विमानांना एका एंजिनावर ठराविक प्रमाणांत चढतां आलेंच पाहिजे असा नियम आहे. अगदीं हलक्या वर्गांतील दोन एंजिनी विमानांवर अमेरिकेच्या जुन्या नियमांत तसें बंधन नव्हतें. म्हणून 'दोन एंजिनें' हा एकच शब्दप्रयोग लहान आणि मोठ्या विमानांच्या बाबतींत एकाच अर्थानें वापरतां येत नाहीं.

किंग एअर सी-९० हें या दोहोंच्या मधलें विमान म्हणतां येईल. त्याची लांबी सुमारें ११ मीटर, पंखांचा विस्तार सुमारें १५ मीटर आणि पूर्ण भारासह वजन सुमारें साडेचार टन. दोन्ही पंखांवर एकेक टर्बाइन एंजिन, प्रत्येक ५५० अश्वशक्तीचें, आणि त्या प्रत्येकाच्या तोंडाशीं फिरता पंखा. अमेरिकेंतील बीचक्राफ्ट कारखान्याची किंग एअर ही जात १९६४ पासून जगभर वापरांत आहे. मंत्र्यांचे दौरे, रुग्णांची ने-आण, वैमानिकांचें शिक्षण अशीं कामें तिनें पुष्कळ केलीं. म्हणजे हें विमान कांहीं तकलादू नव्हे. एका एंजिनावर तें उडूं शकतें, परंतु कांहीं अटींवर. त्या अटी कोणत्या ?

बैलगाडीचें उदाहरण येथें उपयोगीं पडेल. दोन बैलांपैकीं एकानें मान टाकली आणि दुसरा जोरानें ओढूं लागला तर गाडी सरळ जात नाहीं; ती थकलेल्या बैलाच्या अंगाला वळते. डाव्या पंखावरचें एंजिन बंद पडलें आणि उजवें पूर्ण जोरानें चालत राहिलें, तर विमानाचें नाकहि डावीकडे वळूं लागतें. तें सरळ ठेवण्यासाठीं वैमानिक पायानें सुकाणूं उजवीकडे दाबतो. परंतु विमानाचें सुकाणूं हें होडीच्या सुकाणूंसारखेंच आहे. होडी पाण्यांतून पुढें सरकत असेल तरच सुकाणूं लागूं पडतें, आणि विमान वेगांत असेल तरच त्याच्या सुकाणूंला वाऱ्याचा जोर मिळतो. शिवाय हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत बदलतो. वेग निम्मा झाला तर सुकाणूंचा जोर निम्मा नव्हे, चौथाई होतो. तिकडे चालूं एंजिनाचा ओढा मात्र कमी होत नाहीं. वेग कमी होत जातां जातां अशी एक वेळ येते कीं पाय पूर्ण दाबूनहि विमान सरळ राहत नाहीं. तें बंद एंजिनाच्या बाजूला वळतें, त्या बाजूचा पंख खालीं जातो आणि विमान कुशीवर होऊन पालथें पडूं पाहतें.

ही वेळ कोणत्या वेगाला येते तें कारखान्यांत आधींच मोजून ठेवलेलें असतें. दोन एंजिनांच्या हलक्या विमानांत वेगमापकाच्या तबकडीवर त्या आंकड्यापाशीं तांबडी रेघ मारलेली असते. तिच्या थोडी पुढें निळी रेघ असते. एका एंजिनावर सर्वांत चांगलें चढतां येईल असा तो वेग. एक एंजिन गेलें कीं वैमानिकाचें सारें भवितव्य या दोन रेघांच्या मध्यें येऊन बसतें. कांटा निळ्या रेघेवर ठेवतां आला तर घरीं जातां येतें. तो तांबड्या रेघेच्या खालीं गेला तर चालूं एंजिनच वैऱ्यासारखें वागूं लागतें, आणि अशा वेळीं त्याचा जोर कमी करून नाक खालीं घेणें हाच उपाय उरतो. ज्या शक्तीच्या भरंवशावर दुसरें एंजिन बसवलें, तीच शक्ति स्वतःच्या हातानें कमी करावी लागते !

दुसरी अट पंख्याची. सूप वाऱ्यांत सरळ समोर धरलें तर तें हातांतून ओढलें जातें. त्याचीच कड वाऱ्याकडे केली तर तें मुकाट्यानें राहतें. बंद एंजिनाच्या पंख्याचीं पातीं अशींच वळवून त्यांची कड वाऱ्याकडे करतां येते. तसें झालें नाहीं तर वाऱ्यानेंच तीं पातीं गरगर फिरत राहतात आणि विमानाला सायकलीच्या ब्रेकासारखीं मागें खेंचतात. म्हणून एंजिन गेल्यावर पहिल्या कांहीं सेकंदांत वैमानिकाला बरेंच कांहीं करावें लागतें : विमान सरळ ठेवावयाचें, कोणतें एंजिन गेलें हें ओळखावयाचें, ओळखलेलें बरोबर आहे कीं नाहीं तें पडताळावयाचें आणि मगच त्याचीं पातीं वळवावयाचीं. घाईंत चांगल्या एंजिनाचीं पातीं वळवून विमान गमावल्याचीं उदाहरणें जगांत घडलेलीं आहेत. एकाच एंजिनाच्या विमानांत हा घोटाळा संभवत नाहीं. तेथें एंजिन गेलें कीं विमान घसरत्या उताराला लागतें आणि वैमानिक समोरचें शेत शोधतो. वैमानिकांमध्यें एक कडवट थट्टा प्रचलित आहे : दुसरें एंजिन कशासाठीं, तर अपघाताच्या जागेपर्यंत पोंचण्यासाठीं. थट्टा अतिशयोक्तीची आहे, पण तिच्यांत अनुभव आहे.

येथवर एंजिनाचा विचार झाला. परंतु विमान एंजिनावर तरंगत नाहीं, तें पंखांवर तरंगतें. एंजिनाचें काम पंखांना वारा पुरवण्याचें. हा भेद पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. घरांतल्या टेबलपंख्यासमोर पुठ्ठ्याचा एक तुकडा धरून पाहावा. तो किंचित् वर तिरपा केला तर वर उचलला जातो. तिरपेपणा वाढवावा तसा तो अधिक उचलला जातो. परंतु एका मर्यादेपलीकडे तिरपा केला कीं उचल एकाएकीं नाहींशी होते आणि तो नुसता मागें ढकलला जातो. विमानाच्या पंखाची ही मर्यादा साधारणपणें पंधरा-सोळा अंशांच्या आसपास असते. विमान सावकाश उडूं लागलें कीं तेवढेंच वजन तोलण्यासाठीं वैमानिकाला नाक अधिकाधिक वर धरावें लागतें. पंखाचा तिरपेपणा वाढतो. आणि मर्यादा ओलांडतांच पंखावरचा वारा सुटतो. याला वैमानिकांच्या भाषेंत 'स्टॉल' म्हणतात. मोटारीचें एंजिन स्टॉल होतें म्हणजे बंद पडतें. विमानाच्या स्टॉलचा एंजिनाच्या बंद पडण्याशीं संबंध असेलच असें नाहीं. दोन्ही एंजिनें व्यवस्थित चालत असतांनाहि पंख स्टॉल होऊं शकतो.

वळणावर ही मर्यादा अधिक लौकर गांठली जाते. विमान साठ अंशांनीं कलून समपातळीवर वळत असेल तर पंखांना दुप्पट भार तोलावा लागतो, आणि सरळ उडतांना जो स्टॉल शंभरांच्या वेगाला झाला असता तो एकशें एकेचाळिसांच्या वेगालाच होतो. स्टॉलवरचा उपाय साधा आहे : नाक खालीं करावयाचें, वेग घ्यावयाचा, पंखांना पुन्हां वारा द्यावयाचा. पण त्याला उंची खर्च करावी लागते, शेंकडों फूट. जमीन जवळ आलेली असतांना नाक खालीं करणें माणसाच्या उपजत बुद्धीला पटत नाहीं. हात आपोआप नाक वर ओढतो, आणि तेंच घातक ठरतें. शिक्षण घ्यावयाचें तें हा उपजत हात आंवरण्याचेंच असतें.

आतां घाटकोपरकडे परत येऊं. विमान पडलें कीं 'यंत्र बिघडलें' हा पहिला तर्क सुचतो, आणि दुरुस्तीहून आलेल्या विमानाच्या बाबतींत तो सुचणें अगदीं साहजिक होतें. परंतु चौकशीनंतर जो अहवाल बाहेर आला त्यांत अपघाताचें कारण म्हणून कमी उंचीवर झालेला स्टॉल नमूद आहे. म्हणजे शेवटचा प्रश्न एंजिनाचा नव्हता. पंखांखालचा वारा सुटला, आणि तो परत मिळवण्याइतकी उंची शिल्लक नव्हती, असा तो होता. यंत्र बिघडणें आणि विमान पडणें हीं दोन निरनिराळीं संकटें आहेत. पहिल्यावांचून दुसरें येऊं शकतें. आणि पहिलें आलें तरी दुसरें टळूं शकतें, हें याच जातीच्या आणखी दोन विमानांनीं दाखवून दिलें आहे.

ता. २४ मे २०१६ रोजीं पाटण्याहून रुग्ण घेऊन दिल्लीकडे निघालेल्या किंग एअर सी-९० विमानाचीं दोन्ही एंजिनें दिल्ली जवळ आली असतां बंद पडलीं. एक नव्हे, दोन्ही ! विमान नजफगढजवळच्या मोकळ्या शेतांत उतरलें. त्याची मोडतोड झाली, पण आंतील सातहि माणसें वांचलीं. हें नवल नव्हे. एंजिन बंद झालेलें विमान दगडासारखें पडत नाहीं. वेग राखला तर या जातीचें विमान आपल्या उंचीच्या दहापटीहून अधिक अंतर घसरत जाऊं शकतें. किलोमीटरभर उंची म्हणजे दहा किलोमीटरांच्या टापूंत शेत शोधण्याची मुभा. उंची ही शिलकेंत टाकलेली शक्तिच होय.

दुसरें उदाहरण महाराष्ट्रांतलें आणि मुंबईशीं संबंध असलेलें आहे. ता. ६ मे २०२१ रोजीं नागपुराहून हैदराबादकडे रुग्णाला घेऊन निघालेल्या सी-९० विमानाचें एक चाक उड्डाणाच्या वेळींच गळून नागपुरांत पडलें. विमान हवेंत, आणि उतरण्याचें साधन मोडलेलें. वैमानिकानें घाई केली नाहीं. विमान मुंबईकडे वळवण्यांत आलें. लांब धांवपट्टी आणि सज्ज अग्निशामक दल तेथें होतें. धांवपट्टीवर फेंस पसरण्यांत आला, आणि रात्रीं तें विमान चाकें न वापरतां पोटावर उतरवण्यांत आलें. रुग्णासह पांचहि जण सुखरूप बाहेर पडले. यंत्राचा बिघाड येथें निःसंशय होता. परंतु एंजिनें, पंख आणि सुकाणूं शाबूत होतीं, विचार करावयाला अवधि होता, आणि खालीं सज्ज जमीन होती. नागपुरांतला बिघाड मुंबईंत पोंचेपर्यंत त्याचें संकट अर्धेंअधिक ओसरलें होतें.

एकाच जातीचीं तीन विमानें आणि तीन निकाल. त्यांच्यांतला फरक एंजिनांच्या संख्येंत नाहीं. तिघांनाहि दोनच होतीं. फरक वेग, उंची आणि जमीन या तीन गोष्टींत आहे.

या विचाराची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे, नाहीं तर यंत्राच्या बिघाडाला कमी लेखल्यासारखें होईल. ता. १२ ऑक्टोबर १९७६ रोजीं मुंबईहून मद्रासकडे निघालेलें इंडियन एअरलाइन्सचें कॅरॅव्हेल विमान उड्डाणानंतर लगेच परत फिरलें. तेंहि दोन एंजिनांचें, पण मोठें जेट विमान होतें. त्याचीं एंजिनें शेपटीजवळ होतीं. उजव्या एंजिनांतील हवा दाबणाऱ्या चक्रांपैकीं दहाव्या टप्प्याचें चक्र फुटलें. त्या चक्रांत धातूच्या थकव्याची भेग होती. तार एकदां वांकवली तर मोडत नाहीं, पण पुन्हां पुन्हां वांकवली तर डोळ्यांना न दिसणारी चीर पडून ती एका क्षणीं तुटते. फिरत्या चक्रांतहि तसेंच घडतें. उडालेल्या तुकड्यांनीं इंधनाची नळी कापली गेली, आग लागली, आणि सुकाणूं हलवणाऱ्या यंत्रणेंतील तेलच आगीनें नाहींसें झालें. धांवपट्टी जेमतेम किलोमीटरभर दूर राहिली असतां विमान ताब्याबाहेर जाऊन पडलें. ९५ माणसांपैकीं एकहि वांचलें नाहीं. डावें एंजिन होतें, वेग होता, धांवपट्टी समोर होती. पण विमान वळवण्याचें साधनच उरलें नाहीं. दुसरें एंजिन उपयोगीं पडावयाचें तर पहिल्यानें मरतांना त्याच्या हातापायांना इजा करतां कामा नये. म्हणूनच एंजिनांतील अशा चक्रांचें आयुष्य मोजून ठरवतात आणि वेळ भरली कीं तीं वरवर चांगलीं दिसत असलीं तरी काढून टाकतात. कारखान्यांत भिंगाखालीं भेग शोधणारा कारागीर हाहि वैमानिकाइतकाच विमान चालवीत असतो.

राहिला प्रश्न जमिनीचा. आणि उपनगरवासीयांचा खरा संबंध येथेंच येतो. जुहूचें विमानतळ १९२८ सालचें, देशांतील नागरी उड्डाणाचें पहिलें. ता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन एका एंजिनाच्या पुस मॉथ विमानानें याच जुहूला उतरले. सांताक्रूझचा तळ महायुद्धाच्या काळांत लष्करी होता. स्वातंत्र्यानंतर नागरी वाहतूक तेथें गेली. शहराची हद्द १९५० सालीं अंधेरी आणि भांडुपपर्यंत व १९५७ सालीं दहिसर आणि मुलुंडपर्यंत वाढली. विमानतळ आधीं आले आणि घनदाट वस्ती मागाहून त्यांच्याभोंवतीं उभी राहिली. यांत कोणा एकाचा दोष नाहीं. पण परिणाम सर्वांनाच भोगावयाचा आहे.

सांताक्रूझची मुख्य धांवपट्टी पूर्व-पश्चिम आहे. विमान वाऱ्याच्या समोर तोंड करून उतरतें, आणि पावसाळ्यांत वारा समुद्राकडून, पश्चिमेकडून येतो. म्हणून त्या ऋतूंत विमानें पूर्वेकडून, घाटकोपर-कुर्ल्याच्या बाजूनें, खालीं येतात. उतरण्याचा नेहमींचा उतार तीन अंशांचा. म्हणजे दर किलोमीटरला सुमारें ५२ मीटर. धांवपट्टीच्या टोंकापासून पांच किलोमीटरांवर विमान सुमारें २६० मीटर उंच असतें, आणि तीन किलोमीटरांवर १६० मीटरांच्या आसपास. ही उंची आजच्या चाळीस-पन्नास मजल्यांच्या इमारतीइतकीच झाली. ताशीं १८० किलोमीटर वेगाच्या लहान विमानाला तेथून धांवपट्टी एका मिनिटाच्या अंतरावर असते. त्या एका मिनिटांत ढग आडवा आला, एंजिन खोकलें किंवा वेग ढळला, तर नजफगढच्या वैमानिकाला मिळालेलें शेत येथें कोठून मिळणार ?

म्हणूनच विमानतळाच्या परिसरांत इमारतीच्या उंचीला मर्यादा घातलेली आहे आणि बांधकामापूर्वीं विमानतळ प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला घ्यावा लागतो. ही मर्यादा पुष्कळांना जाचक वाटते. वरचे दोन मजले गेले म्हणजे लाखों रुपये गेले असा हिशेब केला जातो. परंतु ती रेषा सर्व कांहीं सुरळीत असलेल्या विमानासाठीं आंखलेली नाहीं. ती अडचणींत सांपडलेल्या विमानासाठीं आहे. २०२२ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें विमानतळाजवळच्या ४८ इमारतींचे मर्यादेबाहेर गेलेले भाग पाडण्याविषयीं उपनगर जिल्हाधिकाऱ्यांना आदेश दिला, तो याच कारणानें. अशा इमारतींत राहणारीं कुटुंबें आपल्यासारखींच मध्यमवर्गीय असतात. घर घेतांना पाणी, वीज, शाळा यांची चौकशी होते. उंचीचा दाखला मात्र क्वचितच कोणी मागून पाहतो.

दुसरी विचारणीय बाब परीक्षा-उड्डाणाची. दुरुस्त केलेल्या विमानाची परीक्षा हवेंत घ्यावीच लागते; जमिनीवर सर्व दोष उघडकीस येत नाहींत. परंतु परीक्षा याचा अर्थच असा कीं निकाल अजून ठाऊक नाहीं. ज्याचा निकाल ठाऊक नाहीं असें यंत्र शक्यतों निरभ्र हवेंत आणि विरळ वस्तीवर उडवावें, हें साध्या व्यवहाराला धरून आहे. नवी तोफ बाजारपेठेंत डागून कोणी पाहत नाहीं. जुहूसारखा वस्तीनें वेढलेला आणि भर पावसाळ्यांत ढगांनीं झांकला जाणारा तळ या कामाला किती योग्य, हा प्रश्न घाटकोपरच्या पांच मृत्यूंनीं विचारलेला आहे. तो यंत्रशास्त्राचा नाहीं, नगरव्यवस्थेचा आहे. म्हणून त्यावर मत देण्याचा अधिकार केवळ तज्ज्ञांचा नव्हे, नागरिकांचाहि आहे.

शेवटची गोष्ट चौकशीची. अपघातांच्या चौकशीसाठीं भारतांत २०१२ सालीं स्वतंत्र विमान अपघात अन्वेषण ब्यूरो स्थापन झाला. या चौकशीचा हेतु आंतरराष्ट्रीय संकेतानुसार एकच असतो : पुन्हां तसा अपघात होऊं नये. दोष कोणाचा आणि शिक्षा कोणाला, हें ठरवणें तिचें काम नाहीं. हा भेद वरवर थंडपणाचा वाटतो. घरचें माणूस गेलेल्याला तर तो निष्ठुरहि वाटेल. परंतु शिक्षेची भीति असेल तेथें लोक खरें सांगत नाहींत, आणि खरें कळलें नाहीं तर पुढचें विमान वांचत नाहीं. धातूची भेग, पंख्याचीं पातीं, तांबडी रेघ, निळी रेघ हें सर्व ज्ञान अशाच अहवालांतून, एकेका अपघाताची किंमत मोजून, माणसाच्या हातीं आलेलें आहे. असे अहवाल प्रसिद्ध होतात तेव्हां लोकांचें लक्ष दुसरीकडे गेलेलें असतें. अपघाताच्या दिवशीं ज्या उत्सुकतेनें वर्तमानपत्र उघडलें जातें, तिच्या चौथाईनें जरी अहवाल वाचला गेला, तरी नियम पाळणाऱ्यांना बळ येईल आणि मोडणाऱ्यांना धाक बसेल.

दोन एंजिनें हवींतच. त्यांनीं असंख्य माणसांना घरीं पोंचवलें आहे. परंतु दुसरें एंजिन सुरक्षितता देत नाहीं, तें वेळ देतें. आणि तो वेळ वेगानें, उंचीनें व खालच्या मोकळ्या जागेनें विकत घ्यावा लागतो. पैकीं वेग आणि उंची राखणें वैमानिकाच्या हातीं आहे. यंत्र निर्दोष ठेवणें कारागिराच्या हातीं आहे. खालचा मार्ग मोकळा ठेवणें मात्र शहराच्या हातीं आहे. जागृतिनगरांत जो पादचारी गेला, त्याचा त्या विमानाशीं कोणताहि संबंध नव्हता; तो केवळ त्याच्या वाटेखालून चालला होता. उपनगरांतील लाखों माणसें रोज त्याच वाटेखालून चालत असतात.